खात्री विकणारे आणि उपचार करणारे

आपल्या समाजात एक आजार असा आहे, की त्याची पहिली लक्षणे दिसली म्हणजे घरचे लोक कौतुक करतात. दहावीतला मुलगा शाळेतून आला की कोपरापर्यंत हात धुतो, दप्तर गॅलरीतच ठेवतो, कपडे बदलल्याशिवाय पलंगाला शिवत नाही. आई शेजारणीला सांगते, आमच्या ह्याला स्वच्छता फार लागते. नवी सून पूजेची भांडी तीन-तीनदा घासते. सासूबाई म्हणतात, माहेरचे संस्कार चांगले आहेत. वर्ष-दोन वर्षे जातात. आता हात धुण्यातच दीड तास जातो, साबणाची वडी दोन दिवसांत संपते, बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त येऊ लागते. पूजा आटपायला दुपारचा एक वाजतो, कारण स्तोत्रातला एक शब्द अडखळला तरी सगळे पहिल्यापासून म्हणावे लागते. मग कौतुक थांबते आणि आदळआपट सुरू होते. त्यानंतर केव्हातरी घर उपाय शोधायला निघते, आणि बहुतेक घरे उलट्या दिशेने निघतात.

या आजाराला वैद्यकात ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर म्हणतात, बोलताना ओसीडी, मराठीत मंत्रचळ. त्याची घडण समजायला अवघड नाही. नको असलेला विचार मनात घुसतो: हाताला काही लागले असेल, गॅस चालू राहिला असेल, माझ्या हातून कुणाचे बरेवाईट होईल. जीव कासावीस होतो. ती तगमग शमवण्यासाठी माणूस काहीतरी करतो. धुतो, तपासतो, मोजतो, मनातल्या मनात मंत्र म्हणतो, घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारतो. क्षणभर बरे वाटते. पण त्या क्षणभराच्या सुटकेतूनच मन धडा घेते, की संकट खरेच होते आणि धुतले म्हणूनच ते टळले. पुढच्या वेळी शंका अधिक जोराने येते, कृती अधिक लांबते. दिवसाचा तासाहून जास्त वेळ यात जाऊ लागला, किंवा शिक्षण, नोकरी, संसार अडू लागला, की त्याला स्वभाव म्हणणे सोडून द्यावे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यांची पाहणी झाली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्या पाहणीत हजार प्रौढांमागे सात-आठ जणांना हा आजार आढळला आणि त्यांतले बहुसंख्य उपचाराविना होते. हेच प्रमाण आपल्याकडे धरले, तर आपल्या ओळखीच्या बहुतेक मोठ्या गल्ल्यांत, मोठ्या कार्यालयांत, महाविद्यालयांत असा कुणीतरी असणार.

हात धुणारा रुग्ण निदान दिसतो तरी. दुसऱ्या कितीतरी जणांची यातना आतल्या आत चालते. नुकतीच बाळंत झालेली स्त्री विळीकडे पाहते आणि मनात येते, ही मीच बाळाला मारली तर? ती थरथरते, बाळाला आईकडे देते, स्वयंपाकघरात जाणे टाळते, आणि कुणाला सांगत नाही. कारण सांगितले तर लोक बाळ हिरावून घेतील असे तिला वाटते. सश्रद्ध माणूस देव्हाऱ्यासमोर हात जोडतो आणि त्याच क्षणी मनात मूर्तीविषयी बीभत्स चित्र उमटते. तो स्वतःला पापी ठरवतो. दुचाकीवरून घरी येणाऱ्या तरुणाची गाडी खड्ड्यात आदळते आणि त्याला वाटते, खड्डा कशावरून, माणूस असेल तर? तो मागे वळतो, रस्ता पाहतो, पुन्हा निघतो, पुन्हा वळतो, आणि रात्री उशिरापर्यंत बातम्यांत अपघात शोधत बसतो.

या माणसांना आपण सर्वांत आधी काय सांगायला हवे? मनात आलेला विचार हे कृत्य नव्हे, आणि ती इच्छाही नव्हे. यामागे पुरावा आहे. स्टॅनली रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा या दोन संशोधकांनी १९७८ साली दाखवून दिले, की रुग्णांना छळणारे हे ओंगळ, हिंसक, ईश्वरनिंदेचे विचार निरोगी माणसांच्या मनातही येतात. मजकुरात फारसा फरक नसतो. २०१४ साली तेरा देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांच्या पाहणीतही हेच दिसले: नव्वद टक्क्यांहून अधिक जणांच्या मनात मागच्या तीन महिन्यांत असे विचार येऊन गेले होते. निरोगी माणूस तो विचार झटकून पुढच्या कामाला लागतो. रुग्ण त्याला आपल्या चारित्र्याचा दाखला मानतो. आणि तसे मानायला आपणच त्याला शिकवलेले असते. मनी वसे ते स्वप्नी दिसे, असे आपण येता-जाता म्हणतो. म्हणजे मनात आले ते आत वसलेलेच असणार. याच भाषेत मन चिंती ते वैरी न चिंती अशीही म्हण आहे आणि ती मानसशास्त्राच्या कितीतरी जवळ आहे. पण कुणाचा न्याय करायची वेळ आली की आपल्याला पहिलीच आठवते. बाळाला इजा होईल या विचाराने जी आई झोपत नाही, तिला आपल्या बाळाची सर्वांत जास्त काळजी आहे. जो माणूस निंदेच्या विचाराने रडतो, त्याची श्रद्धा ढोंगी नाही. माणसाला जे जिवापाड मोलाचे, त्यावरच हा आजार बोट ठेवतो.

एवढे समजले की पुढचा प्रश्न रास्त ठरतो: मदत कुणाकडे मागायची? घरातली वडीलधारी मंडळी पहिले नाव देवर्षीचे, गुरुजींचे किंवा ज्योतिषाचे घेतात. तिथे पत्रिका उघडली जाते, कुणाची नजर लागल्याचे निघते, शांत सांगितली जाते, अकरा गुरुवार १०८ वेळा जप दिला जातो. सांगणारा दर वेळी लबाडच असतो असे नाही. कित्येकदा तो मनापासून सांगतो. पण परिणाम काय होतो ते पाहा. ज्या मुलीचा आजारच मोजण्याचा आणि बिनचूक उच्चारण्याचा आहे, तिच्या हाती आपण आणखी एक मोजण्याचे आणि बिनचूक उच्चारण्याचे काम दिले. आता जप १०७ झाला की १०८, हा संशय तिला रात्री दोन वाजता उठवतो. उपाय म्हणून दिलेले कर्मकांड आठवड्याभरात लक्षण होऊन बसते. गुण आला नाही की दोष तिच्या श्रद्धेला लागतो. सांगणाऱ्याच्या ज्ञानाकडे कुणी बोट दाखवत नाही.

आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी तो व्हावा म्हणून अनेक वर्षे घालवली. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणाऱ्याला, साखळदंडाने बांधणाऱ्याला तो शिक्षा देतो. पण सुशिक्षित घरातला शांत, सभ्य, दक्षिणा घेऊन होणारा उपाय त्याच्या कक्षेत सहसा येत नाही. तिथे कुणी कुणाला मारत नाही. फक्त आजारी माणसाची उमेदीची वर्षे जातात. ते रोखायला पोलीस उपयोगाचे नाहीत. ते काम आपल्या विचारशक्तीचे आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. तुम्ही सोवळे-ओवळे, व्रतवैकल्ये, सगळ्यालाच आजार म्हणता की काय? नाही. सोवळ्याने हा आजार होत नाही. आनुवंशिकता, मेंदूतल्या प्रक्रिया आणि शिकलेल्या सवयी यांच्या गुंत्यातून तो उद्भवतो आणि ज्या देशांत सोवळे कुणाला ठाऊक नाही तिथेही तो आहे. रूढी त्याला विषय पुरवते, आणि लपायला जागाही देते. श्रद्धाळू माणसाची पूजा संपली की ती संपते. तो समाधानाने उठतो आणि चहा मागतो. रुग्णाची पूजा संपतच नाही. त्याला तीत आनंद नसतो, धाक असतो, आणि थांबावेसे वाटूनही थांबता येत नाही. फरक इतका स्पष्ट आहे. तो आपल्याला दिसत नाही, कारण ज्या घरात पाळीच्या चार दिवसांत बाईने लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, त्या घरात स्पर्शाची भीती ही भीती आहे हे ओळखणारा उरत नाही. विटाळ मानणारे घर, सारखे हात धुणाऱ्या सुनेला वेडी म्हणते तेव्हा त्याने आधी स्वतःच्या नियमांकडे पाहावे. आणि या निवाड्यातही दुटप्पीपणा आहे. पुरुष तीन तास संध्या-पूजेत घालवतो तेव्हा तो कर्मठ, त्याच्यासाठी स्वयंपाक थांबतो. बाई तेवढाच वेळ मोरीत घालवते तेव्हा तिला माहेरी पाठवायची भाषा होते. दोघांनाही डॉक्टरची गरज असू शकते हे कुणाच्या मनात येत नाही.

आता दुसऱ्या दिशेकडे वळू, कारण बुवाबाजीवर टीका करून समाधान मानणे फार सोपे आहे. शिकलेली घरे देवर्षीकडे जात नाहीत, समुपदेशकाकडे जातात. पाऊल बरोबर दिशेने पडते, पण पुढे काय घडते? समुपदेशक चांगला माणूस असतो, शांतपणे ऐकतो. मग समजावतो: गॅस बंदच असतो हो, तुम्ही स्वतः पाहिलात ना? तुम्ही किती प्रेमळ आई आहात, तुमच्या हातून असे कसे होईल? रुग्ण हलका होऊन बाहेर पडतो आणि बसस्टॉपवर पोचेपर्यंत शंका परत येते. पुढच्या आठवड्यात तो त्याच दिलाशासाठी पुन्हा येतो. दिलासा मागणे हेच त्याच्या आजाराचे लक्षण होते. आता त्याची नियमित सोय झाली. काही जण सांगतात, विचार आला की मनातल्या मनात थांब म्हणा, मनगटावरचे रबर ओढा, सकारात्मक विचार करा. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली प्रयोगात सहभागी झालेल्यांना सांगितले, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि बंदी उठल्यावर आणखीच आले. विचार दाबण्याचा सल्ला त्यामुळे निरुपद्रवी नाही. आणखी काही जण वर्षभर बालपण उकरतात. त्यातून स्वतःची ओळख वाढेल कदाचित, हात धुणे कमी होत नाही.

देवर्षी आणि असा समुपदेशक यांची शिकवण वेगळी, भाषा वेगळी, हेतू वेगळा. तरी या एका आजारात दोघे एकच वस्तू देत असतात, ती म्हणजे खात्री. एक म्हणतो, हा गंडा बांध, काही होणार नाही. दुसरा म्हणतो, मी सांगतो ना, काही होणार नाही. आणि रुग्णाचा सारा आजार हा खात्रीच्या तहानेचा आहे. शंभर टक्के खात्री जगात कुणालाच नसते. आपण सगळे नव्याण्णव टक्क्यांवर कुलूप लावून घराबाहेर पडतो. रुग्ण उरलेल्या एका टक्क्यासाठी आयुष्य पणाला लावतो. म्हणून त्याला ती एक टक्का खात्री पुरवू पाहणारा, कितीही सद्हेतूने पुरवो, आजाराच्या बाजूने काम करतो. योग्य चिकित्सक खात्री न देता जगायला शिकवतो. माझ्या मते चिकित्सक पारखण्याची सर्वांत भरवशाची कसोटी हीच आहे.

हे शिकवण्याची रीत जुनी आणि तपासून घेतलेली आहे. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दोन रुग्णांवर केलेल्या उपचाराची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांनी रुग्णांना ज्याची भीती वाटते त्याच्या समोर उभे केले आणि नेहमीचे कर्मकांड करू दिले नाही. भीती चढली, पण त्यांनी धुतले नाही तरी ती उतरली. पुढे हीच पद्धत एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे ईआरपी, या नावाने रुजली. एडना फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तिची क्लोमिप्रामिन या औषधाशी तुलना प्रसिद्ध केली. ईआरपीचा परिणाम एकट्या औषधाहून सरस ठरला. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वेही या आजारात वर्तनोपचाराला आणि ठरावीक औषधांना पहिले स्थान देतात. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत फक्त ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. तेव्हा ही पाश्चात्त्यांची थेरे आहेत, आपल्या मातीत रुजणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी तिथल्या रुग्णांकडे पाहावे. देवीची लस परदेशातून आली म्हणून आपण ती नाकारली नाही.

प्रत्यक्षात काय चालते ते सांगतो, कारण न कळलेल्या गोष्टीची भीती जास्त असते. तो दुचाकीवरचा तरुण घ्या. चिकित्सक त्याच्याबरोबर बसून भीतीच्या प्रसंगांची उतरंड करील: भर दुपारी रिकाम्या रस्त्यावरून जाणे सर्वांत सोपे, रात्री पावसात गर्दीच्या चौकातून जाणे सर्वांत अवघड. सुरुवात सोप्यापासून. गाडी खड्ड्यावरून जाईल, शंका येईल, आणि तो मागे वळणार नाही. घरी येऊन बातम्या चाळणार नाही, बहिणीला विचारणार नाही. त्याने म्हणायचे ते एवढेच: असेलही, नसेलही, मला ठाऊक नाही, आणि मी जेवायला बसतो आहे. पहिल्या दिवशी पोटात गोळा येईल. हीच गोष्ट रोज केली की काही दिवसांत गोळा लवकर विरतो, आणि मग पुढची पायरी. साधारणपणे पंधरा-वीस बैठकांत बराच पल्ला गाठता येतो, अर्थात रोजचा घरचा सराव झाला तर. सगळेच रुग्ण पूर्ण बरे होत नाहीत, पण बहुतेकांचे आयुष्य पुन्हा त्यांच्या हाती येते.

हे निर्दय नाही का, असे विचारणारे भेटतात. निर्दयपणा तेव्हा होतो, जेव्हा नातेवाईक एक दिवस संतापून रुग्णाचा नळ बंद करतात किंवा त्याचे हात धरून ठेवतात. उपचारात प्रत्येक पायरी रुग्णाच्या संमतीने ठरते. तो नाही म्हणाला तर पायरी लहान करायची. चांगला चिकित्सक स्वतः आधी दाराच्या कडीला हात लावतो, मग रुग्णाला सांगतो. इथे एक गोष्ट बुद्धिवादी म्हणवणाऱ्या माझ्यासारख्यांनीही लक्षात ठेवली पाहिजे. श्रद्धाळू रुग्णाला नास्तिक करणे हे चिकित्सकाचे काम नाही. देव्हाऱ्यासमोर घाणेरडे विचार येणाऱ्या बाईला मूर्तीचा अपमान करायला सांगण्याचे कारण नाही. तिने देवासमोर बसावे, विचार येऊ द्यावा, तो पुसण्यासाठी स्तोत्र पुन्हा म्हणू नये आणि वेळ झाली की उठावे, इतके पुरते. तिची पूजा तिच्याकडे परत यावी, हा उद्देश. जो चिकित्सक तिच्या श्रद्धेची टर उडवतो, तो तिच्या माणूसपणाचाही मान राखत नाही, आणि तिने खुशाल दुसरा शोधावा.

तर शोधायचा कसा? आधी पदव्यांचा घोळ मिटवू. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पुढचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. तो निदान करतो, औषध देतो, वैद्यक परिषदेत त्याची नोंद असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतो. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणानंतर रुग्णालयातले प्रशिक्षण घेऊन, पूर्वापार दोन वर्षांचे एम.फिल. करून, तो भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करतो. नोंदणी क्रमांक मागणे उद्धटपणाचे नाही. प्लॉट घेताना सात-बारा मागतोच ना आपण? समुपदेशक या पाटीमागे मात्र पदव्युत्तर शिक्षण असू शकते किंवा एखाद्या महिन्याचे प्रमाणपत्रही. त्यांतले कित्येक जण परीक्षेच्या ताणात, वैवाहिक कलहात, शोकात फार मोलाची मदत करतात. ओसीडीत फक्त ईआरपी शिकलेल्याकडेच जावे.

आणि तो शिकलेला आहे का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आपण डॉक्टरसमोर हात जोडून बसतो, प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे मानतो. ही वृत्ती बुवासमोरच्या वृत्तीचीच बहीण आहे. पहिल्या भेटीत सरळ विचारावे: ओसीडीवर तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता? उत्तरात ईआरपीचे नाव आले नाही, नुसते आपण बोलू, मोकळे होऊ, ध्यान करू, असे आले, तर आभार मानून उठावे. या आजाराचे किती रुग्ण हाताळलेत? मला ज्याची भीती वाटते ते आपण इथे, बैठकीत करणार आहोत का, की फक्त त्याविषयी बोलणार? घरी रोज काय करायचे? घरच्यांना कधी बोलावणार? प्रगती कशी मोजणार? येल-ब्राउन नावाची दहा प्रश्नांची, चाळीस गुणांची मोजपट्टी १९८९पासून वापरात आहे. चिकित्सकाला ती ठाऊक असलीच पाहिजे. दोन-तीन महिन्यांनी फरक पडला नाही तर काय बदलणार? या प्रश्नांनी जो चिडतो त्याच्यापेक्षा, मला यातले फारसे येत नाही, मी तुम्हाला अमुक सहकाऱ्याकडे पाठवतो, असे म्हणणारा शतपटीने प्रामाणिक. आणखी एक प्रश्न मुद्दाम विचारून पाहावा: डॉक्टर, माझ्या मनात येते तसे खरेच काही होणार नाही ना? नक्कीच काही होणार नाही, असे जो छातीवर हात ठेवून सांगतो, त्याला हा आजार उमगलेला नाही.

औषधांविषयी थोडे. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लूव्होक्सामिन यांसारख्या गोळ्यांनी अनेकांना निश्चित फायदा होतो. आजार तीव्र असेल तर औषधाच्या आधाराने ईआरपी झेपू लागते. नैराश्यापेक्षा इथे मात्रा बहुधा जास्त लागते आणि परिणाम दिसायला दहा-बारा आठवडे थांबावे लागते. तीन आठवड्यांत काही झाले नाही म्हणून गोळी टाकून देणारे रुग्ण स्वतःचेच नुकसान करतात. या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारखे व्यसन लावत नाहीत, पण एकदम बंदही करू नयेत. बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यावा, मावसभावाबरोबर नाही.

घरच्यांशी मला जरा कठोर बोलायचे आहे. तुम्ही प्रेमापोटी त्याच्यासाठी दारे उघडता, कारण कडीला हात लावायची त्याला भीती वाटते. त्याच्या हट्टाखातर बाजारातून आणलेली कोथिंबीर पाच पाण्यांत धुता. दिवसातून तीस वेळा, हो रे, बंद आहे गॅस, असे सांगता. यात क्रूर काही नाही, पण यामुळे आजार घरातल्या सर्वांना कामाला लावतो. हे थांबवायचे तर एका दिवसात, चिडून थांबवू नका; चिकित्सकासमोर बसून ठरवा की येत्या आठवड्यात कोणते एक उत्तर द्यायचे नाही. तो विचारील तेव्हा म्हणा, हा प्रश्न आजाराचा आहे, मी त्याचे उत्तर देणार नाही, पण मी इथे आहे. आणि लग्न करून द्या म्हणजे आपोआप ठीक होईल, ही सूचना ज्या नातेवाइकाकडून येईल त्याला त्याच वेळी गप्प करा. आजार लपवून लग्न लावणे ही दुसऱ्या घरातल्या मुलीची किंवा मुलाची फसवणूक आहे. उघड सांगून, उपचार चालू ठेवून संसार करणारी जोडपी असतात, आणि त्यांना कुणाची क्षमा मागायची गरज नसते.

शेवटी सर्वांत वजनदार आक्षेप. हे सगळे पुण्या-मुंबईकडच्यांना ठीक. हिंगोलीच्या शेतमजुराने ईआरपी येणारा चिकित्सक कुठून आणायचा, आणि दर आठवड्याची फी कुठून? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नाही आणि प्रशिक्षित क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्याहूनही कमी. जे आहेत ते शहरांत एकवटले आहेत. तरीही आज करता येण्यासारखे काही आहे. जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते. निदान आणि औषध तिथे जवळजवळ फुकट मिळते, आणि ते मिळाले तरी लढाई सुरू होते. ऑक्टोबर २०२२पासून टेलि-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते, मराठीतही बोलता येते. ती ईआरपी करणार नाही, पण जवळचे केंद्र सांगेल. गोव्यातल्या रुग्णांसाठी बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. व्हिडिओवरून केलेली ईआरपीही उपयोगी पडते. उलट रुग्णाची भीती त्याच्याच मोरीत, त्याच्याच दाराशी असते, म्हणून काही वेळा ती अधिकच चपखल बसते.

उरलेले मागून घ्यावे लागेल. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ने प्रत्येक व्यक्तीला शासनाच्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क दिला आहे. किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसतील, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या मानसिक आरोग्यसेवेत उपचार घेण्याचा आणि त्याचा खर्च शासनाकडून मिळण्याचा हक्कही त्याच कलमात आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञाबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे पद असते. अनेक ठिकाणी ते रिकामे राहते आणि कुणी विचारत नाही म्हणून रिकामेच राहते. रस्त्यासाठी, नळासाठी, शिधापत्रिकेसाठी आपण अर्ज करतो. या पदासाठीही करावा. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे साध्या कागदावर लिहावे: आपल्या रुग्णालयात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, त्याला ओसीडीच्या वर्तनोपचाराचे प्रशिक्षण आहे का, नसेल तर कलम १८नुसार आमच्या रुग्णाची सोय आपण कुठे करता? खाली रुग्णाचे नाव लिहायची लाज वाटत असेल तर नातेवाइकाचे लिहावे, पण लिहावे. पोच घ्यावी, आणि महिन्याभरात उत्तर आले नाही तर तीच पोच जोडून माहिती अधिकारात दुसरा अर्ज टाकावा.